सत्तरीच्या आई-वडिलांना आणि लहान मुलांना घेऊन क्रूझला जावं का? दिवसभर जहाजावर करायचं तरी काय?

जावं. जमत असेल तर याच मोसमात जावं, गुडघे दरवर्षी काही बरे होत नसतात.

"करायचं तरी काय" हा मात्र माझ्या दुखऱ्या नसेवरचा प्रश्न आहे. आम्ही मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला जाऊन आलो त्याला आता काही वर्षं झाली. तरी आमचा दादा अजून प्रत्येक लग्नात आणि बारशाला सांगत असतो, "आई लक्षद्वीपला गेली आणि लक्षद्वीप न बघताच परत आली." लोक हसतात. आई काही बोलत नाही. मी बोलते, पण मांडवात असले वाद नीट होत नाहीत, म्हणून इथे लिहिते.

आधी आमच्या घरच्या सहली कशा असायच्या ते सांगते. मे महिन्यात आणि गणपतीला गावी जायचं, म्हणजे वहिनीने इथली चूल सोडून तिथली धरायची. महाबळेश्वरला गेलो तर दादा स्वयंपाकघर असलेली खोली शोधणार, कारण बाहेरचं खाणं पचत नाही. पचत कोणाला नाही, ते कधी कळलं नाही. मग एकदा टूर कंपनीबरोबर केरळ केलं. सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर, सातला बस, रोज नवीन हॉटेल. आईच्या दोन्ही गुडघ्यांत झीज आहे. बसच्या पायऱ्या चढता-उतरता तिचा जीव निघायचा, म्हणून तिसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक पॉइंटला बसमध्येच बसून राहिली आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या. त्या सहलीबद्दल दादा कधीही म्हणत नाही की आई केरळ न बघता आली. ती "केरळ झालं" मध्ये जमा आहे.

क्रूझचं मी काढलं तेव्हा आई आधी नकोच म्हणाली. ती मालवणची. लहानपणी मे महिन्यात मुंबई ते मालवण प्रवास कोकण बोटीने व्हायचा आणि तिला बोट लागायची. भाऊच्या धक्क्यावरून निघाल्यापासून लिंबू हुंगत आणि आवळासुपारी चघळत डेकवरच्या सतरंजीवर आडवं पडायचं, एवढीच तिची आठवण. शिवाय तिच्या पिढीच्या कोकणी घरांत रामदास बोटीची भीती मुरलेली आहे. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ती बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आईचा जन्म त्यानंतरचा, पण आजी बोटीत पाय ठेवताना दरवेळी रामदासचं नाव काढायची म्हणे.

म्हणून जहाजावर गेल्यागेल्या जो सुरक्षेचा सराव होतो, तो आईने सगळ्यांत मन लावून केला. भोंगा कसा वाजेल, आपण कुठे जमायचं, लाइफ जॅकेटचा पट्टा कसा आवळायचा, सगळं. आजूबाजूची मंडळी सेल्फी काढत होती. तसं करू नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून ३२ जण गेले. त्या जहाजावर त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. तेव्हापासून नियम कडक झाले आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या सराव घ्यावाच लागतो. पोरांनाही तिथे नेऊन उभं करा.

बॅलार्ड पिअरहून जहाज सुटलं आणि कुलाब्याच्या टोकापलीकडचं प्राँग्ज दीपगृह मागे पडलं, तरी आई लिंबू हातात धरूनच बसली होती. काही झालं नाही. अशा जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्यांनी डोलणं बरंच कमी होतं. रात्री जेवताना तिने लिंबू टेबलावर ठेवलं ते तिथेच राहिलं.

आता वहिनीचं. पहिल्या जेवणाला ती उठली आणि स्वतःचं, आईचं, दोन्ही पोरांचं, दादाचं अशी ताटं एकावर एक रचायला लागली. वाढणारा मुलगा धावत आला आणि "मॅडम, राहू द्या" म्हणून त्याने ती हातातून घेतली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पुन्हा तेच. दुपारी मात्र तिचा हात ताटाकडे गेला आणि थांबला. ती मागे टेकून बसली, पाणी प्यायली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जेवण झाल्यावर पाच मिनिटं बसून राहिलेली वहिनी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. तुमच्या "करायचं काय" चं हे एक उत्तर.

मुलांची तर चिंताच करू नका. त्यांच्यासाठी वेगळी खोली असते, खेळ घेणारी माणसं असतात, पोहायचा तलाव असतो, संध्याकाळी जादूचे किंवा गाण्यांचे कार्यक्रम असतात. आमची दोघं जेवायच्या वेळीच दिसायची. घरातली मोठी माणसं मात्र त्यांना बोलवायला उठून उठून जातात. जाऊ नका.

आईला त्या कार्यक्रमांत काही रस नव्हता. तिला जहाजावर माणूस मिळाला. आमची खोली आवरायला येणारा मुलगा वेंगुर्ल्याकडचा निघाला. गोवा-सिंधुदुर्गाकडची कितीतरी पोरं जहाजांवर असतात, पण आईला ते नवीन होतं. "खंयचो रे तू?" म्हटल्यावर तो हातातला टॉवेल तसाच धरून उभा राहिला. मग रोज सकाळी दहा मिनिटं दोघांच्या गप्पा. आठ-आठ महिने घरी जायला मिळत नाही, गणपती चुकतात, त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, हे सगळं आमच्या आईला माहीत. दादाला त्याचं नावही माहीत नव्हतं.

आता लक्षद्वीप. आमचा उतरायचा मुक्काम अगत्तीला होता. ही बेटं प्रवाळाची आहेत, भोवती कडं आणि आत उथळ पाणी, त्यामुळे मोठं जहाज जवळ जाऊच शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि खालच्या दारातून तुम्हाला छोट्या होडीत उतरवून किनाऱ्यावर नेतात. आम्ही रांगेत उभे राहून दारापर्यंत गेलो. होडी लाटेबरोबर दार पार करून वर यायची आणि हातभर खाली जायची. दोन खलाशी दोन्ही बाजूंनी कोपराखाली धरायचे, लाट होडीला वर आणेपर्यंत थांबायचे आणि मग म्हणायचे, "आता." त्या क्षणी पाय टाकायचा. तरण्याताठ्या माणसाला काही वाटत नाही. आईने ते तीन-चार माणसांचं बघितलं आणि माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "माका नको गो."

दादा पुढे होता. "एवढं आलोय, इतके पैसे भरलेत, दोन मिनिटांचं काम आहे, धरतो ना आम्ही." मागे रांग खोळंबलेली. मी आईला बाजूला घेतलं. दादा आणि मुलं गेली. वहिनी त्यांच्याबरोबर जाणार होती, पण होडीपाशी पोचून ती वळली आणि म्हणाली, "मी पण थांबते आईंबरोबर."

ती दुपार माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारांपैकी आहे. जहाज जवळजवळ रिकामं. वरच्या डेकवर सावलीत आम्ही तिघी, समोर ते हिरवट निळं पाणी आणि बेटाची माडांची रेघ. बेट दिसत होतं, दादा, तुला सांगते, अगदी स्वच्छ दिसत होतं. आणि आईने आम्हाला मालवणच्या पडावाची, म्हणजे बोटीवरून माणसं किनाऱ्याला नेणाऱ्या होडीची, गोष्ट सांगितली. मी तिची मुलगी, मलाही ती माहीत नव्हती. बोट मालवणला बंदरापासून लांब उभी राहायची. खाली पडाव येऊन लागायचे आणि बोटीवरून माणसं त्यात उतरायची. आजी नऊवारी वर खोचायची. तान्हा मामा एका खलाशाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचे, ट्रंका वरून सोडायचे. एका वर्षी मामाला देताना लाट आली आणि पडाव बोटीपासून सुटला. मामा वरच्या खलाशाच्या हातात, आजी खाली पडावात, मधे पाणी. पडाव परत लागेपर्यंत आजी ओरडत राहिली आणि आई, सहा-सात वर्षांची, वर कठड्याला धरून हे बघत होती. मामाला काही झालं नाही. आजीने मात्र पुढे कित्येक वर्षं मेमध्ये गावी जाणंच टाळलं, आणि ते का, हे घरात कोणाला सांगितलं नाही.

वहिनी रडली. मग तिने तिच्या माहेरचं काहीतरी सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही. सासू-सुना इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात होत्या, पण हे बोलायला तिथे कधी सवड नव्हती. दुपारची कॉफी आली, बिस्किटं आली, कोणी उठलं नाही.

संध्याकाळी दादा उन्हाने लाल होऊन आला. त्याने काचेच्या तळाच्या होडीतून मासे बघितले, मुलांनी स्नॉर्केलिंग केलं, चांगलंच झालं. आल्या आल्या म्हणाला, "आईचे पैसे फुकट गेले." तेव्हापासून तेच चालू आहे.

तर तुम्ही विचारता, काय करायचं. बसायचं, बोलायचं. जमिनीवर आपल्या घरात हे होत नाही, कारण कोणीतरी सतत उठत असतं, आणि ते कोण उठतं हे तुम्हालाही ठाऊक आहे. ज्याला उतरून बघायचंय त्याने उतरून बघावं, ज्याला बसायचंय त्याने बसावं आणि रात्री सगळ्यांनी एकाच टेबलावर जेवावं. बॅग एकदाच उघडायची आणि एकदाच भरायची. म्हाताऱ्या माणसांसाठी दुसरी अशी सहल मला माहीत नाही.

कामाच्या चार गोष्टीही सांगते. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं. बोट लागत असेल तर एव्होमिन त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यायची असते, पण बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, आणि बाथरूमचा उंबरठा किती उंच आहे तेही विचारा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, समुद्रातल्या रोमिंगचं बिल भयंकर येतं. जाहिरातीतली किंमत माणशी असते, तीही एका खोलीत दोघं धरून. त्यावर बंदराचे पैसे, सेवाशुल्क आणि कर चढतात. बुकिंग करणाऱ्या एजंटकडून हे सगळं लेखी घ्या. आमच्याने तोंडी सांगितलं होतं आणि शेवटी आकडा भलताच निघाला.

आणि हो, रील्समध्ये दिसतात ती जहाजं वेगळी. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज १९९० सालचं आहे, आधी ते रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीकडे होतं. त्याच रॉयल कॅरिबियनचं २०२४ मध्ये मायामीहून सुरू झालेलं आयकॉन ऑफ द सीज आकाराने त्याच्या पाचपट आहे. घसरगुंड्या आणि वीस मजले डोक्यात ठेवून मुंबईत चढू नका. आई-वडिलांना त्याची गरजही नसते.

कोणी जाऊ नये, तेही सांगायला हवं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास आटोक्यात नसेल तर नको. जहाजावर डॉक्टर असतो, पण मोठं हॉस्पिटल नसतं आणि भर समुद्रातून माणूस लगेच हलवता येत नाही. विस्मरणाचा आजार असलेल्यांनाही त्या एकसारख्या लांब बोळांत फार गोंधळायला होतं. पावसाळ्यात पश्चिम किनारा सोडा. आणि गुडघे दुखत असतील तर लक्षद्वीपऐवजी गोवा किंवा कोची घ्या, तिथे जहाज धक्क्याला लागतं आणि सरळ चालत उतरता येतं. वहिनीने यंदा कोचीचंच काढलंय, आईने हो म्हटलंय आणि पैसे आम्ही दोघी भरतोय. दादाला यायचं असेल तर त्याने दिवाळीच्या आत सांगावं, नंतर खोल्या मिळत नाहीत.