‘इंपोर्टेड’ म्हणजे नेमकं कुठलं? जुन्या रिव्हॉल्व्हरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सातारा): आजोबांचं बत्तीस बोर रिव्हॉल्व्हर वडिलांकडून माझ्या परवान्यावर आलं. नळीवर ‘स्मिथ अँड वेसन’ असं ठळक कोरलंय. डीलर मात्र म्हणतो, माल स्पॅनिश आहे. तो किंमत पाडायला बघतोय का?

किंमत पाडायला बघत असेलही, पण बोलतोय ते बहुधा खरंच. भिंग घ्या आणि ती ओळ पहिल्या अक्षरापासून वाचा. ठळक नावाच्या आधी बारीक अक्षरांत काहीतरी सापडेल. ‘यात अमुक काडतुसं उत्तम बसतात’ एवढाच त्या ओळीचा अर्थ असतो. म्हणजे नाव काडतुसाचं, हत्याराचं नव्हे. खोटं काही लिहायचं नाही आणि गिऱ्हाइकाची दिशाभूल तर व्हायला हवी, अशी ही जुनी हुशारी.

हा माल स्पेनच्या बास्क भागातल्या ऐबार गावचा. तिथे घरोघरी कानशी चालायची. कुणी घोडे (काडतुसावर आपटणारा भाग) घडवायचं, कुणी सिलिंडर. जोडणी करून शिक्का मारायची पेढी वेगळीच. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन रिव्हॉल्व्हरचे भाग एकमेकांत बसतील याची खात्री नाही. माझ्या दुकानात कुणी ‘फक्त एक स्प्रिंग बदला’ म्हणून ऐबारचं रिव्हॉल्व्हर ठेवलं, की माझा अख्खा दिवस कानशीवर जातो. बाहेरून हुबेहूब अमेरिकन, पण साइड-प्लेट, म्हणजे बाजूचं झाकण, उघडली की आतली रचना पुष्कळदा निराळी निघते.

तरी ‘स्पॅनिश म्हणजे भंगार’ हे मला मान्य नाही. पहिल्या महायुद्धात रिव्हॉल्व्हर अपुरी पडली तेव्हा ब्रिटिश सैन्याने गाराते-अनितुआ आणि त्रोकाओला-अरांझाबाल या ऐबारच्याच पेढ्यांकडून .455 बोरची रिव्हॉल्व्हर घेतली होती. ओर्बेआ या तिथल्याच पेढीचं कामही नेटकं असतं. रद्दी असते ती निनावी मालात. पोलाद मऊ, पाणी धड न दिलेलं. शंभरेक गोळ्यांत सिलिंडर अडवणाऱ्या खाचांच्या कडा झिजून गोल होतात.

तुमचं कुठल्या जातीचं, हे असं बघा. आधी सिलिंडर रिकामं करा, मग पुन्हा एकदा रिकामं असल्याची खात्री करा. घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढा. तो पूर्ण चढायच्या आत सिलिंडर ‘टक्’ करून जागेवर अडकायला हवं. चढलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने हलका दाब द्या. चापाला हात न लावता घोडा पडला, तर ते रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवा आणि कारागिराला दाखवेपर्यंत त्यात काडतूस घालू नका. सिलिंडरच्या प्रत्येक घरासाठी, म्हणजे काडतूस बसतं त्या प्रत्येक पोकळीसाठी, हे करायचं. सहापैकी पाच ठीक असणं म्हणजे ठीक असणं नव्हे.

आणि प्रूफचे, म्हणजे हत्यार दाबाच्या चाचणीत उतरल्याचे, ठसे शोधा. स्पेनमध्ये 1927 पासून वर्षाचं अक्षर मारतात, त्या वर्षाचं ए, मग पुढे क्रमाने. एकही ठसा नसेल तर माल बहुधा त्याआधीचा, सक्तीच्या चाचणीपूर्वीचा. असलं रिव्हॉल्व्हर मी स्वतः चालवत नाही.

प्रश्न (नाशिक): पिस्तुलाची बत्तीस बोरची काडतुसं माझ्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये व्यवस्थित बसतात. वापरली तर चालतील का?

नाही. बसतं म्हणजे चालतं असं नाही. आपल्याकडे दोन्हींना ‘बत्तीस’ म्हणतात, तिथेच घोळ होतो. रिव्हॉल्व्हरचं काडतूस .32 स्मिथ अँड वेसन लाँग, पिस्तुलाचं .32 एसीपी. पहिल्याची दाबाची अमेरिकन प्रमाण मर्यादा 15,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), दुसऱ्याची 20,500. एसीपीच्या बुडाची कडा एवढीशीच, तरी कित्येक जुन्या घरांत ते अडकून राहतं आणि सुटतंही. गोळी सुटली म्हणून माणूस खूश होतो. तिकडे मऊ पोलादाचं सिलिंडर दर खेपेला थोडं थोडं फुगत असतं. खडकीच्या कारखान्याची काडतुसं घेतलीत तरी बुडावरच्या ‘केएफ’ या कारखान्याच्या शिक्क्यावर थांबू नका, खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा. डीलरकडे नुसतं ‘बत्तीसची द्या’ म्हणू नका.

प्रश्न (कोल्हापूर): वाड्याच्या माळ्यावर तळहाताएवढं रिव्हॉल्व्हर सापडलं. चाप घडी होऊन वर जातो, चापाभोवती कडं नाही. लंबगोलात ‘ईएलजी’ असा ठसा आहे. काडतूसच मिळत नाही, मग परवाना कशाला, असं मेहुणे म्हणतात.

ठसा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या प्रूफ हाउसचा. हत्यार ‘वेलो-डॉग’ जातीचं दिसतंय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सायकलींच्या मागे कुत्री लागायची, त्यांच्यासाठी हे खिशातलं खेळणं निघालं. चाप खिशात अडकू नये म्हणून घडीचा. गंमत सोडली तर दर्जा बेताचाच.

मेहुण्यांचं मात्र ऐकू नका. 1959 च्या शस्त्र कायद्यातली कलम 45 ची सूट कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना आहे खरी, पण दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून चालण्याजोगं नसेल तरच. तुमचं त्यात बसतं का, हे तुम्ही किंवा मेहुण्यांनी ठरवायचं नाही. आधी वकिलाला फोन करा. ते पिशवीत घालून गावभर फिरवू नका. कलम 21 प्रमाणे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची रीत तो सांगेल.

प्रश्न (ह्यूस्टन, अमेरिका): इथे एका घरविक्रीत जर्मन ‘आरजी 10’ अगदी स्वस्तात मिळालं. जर्मन म्हणजे चांगलंच ना?

जर्मन म्हटलं की आपण डोळे मिटून घेतो! ऱ्योम कंपनीचा हा माल मुळातच स्वस्तात विकायला काढलेला. सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव, पोलाद फक्त नळीच्या आतल्या अस्तराला. 1968 च्या अमेरिकी कायद्याने असल्या आयातीला खीळ घातली, तेव्हा भाग मागवून मायामीत जोडणी सुरू झाली. 1981 साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच घराण्यातल्या ‘आरजी 14’मधून. जस्त झिजलं की घर आणि नळी एका रेषेत राहत नाहीत आणि गोळीचं शिसं सोलून बाजूला उडतं. शेजारी उभ्या माणसाच्या गालाला ते लागतं. आठवण म्हणून ठेवा. रेंजवर नेऊ नका.

प्रश्न (पुणे): जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरला डीलर लाखांत किंमत सांगतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवं घ्यावं की ते?

ती किंमत दर्जाची कमी, टंचाईची जास्त. सामान्य परवानाधारकाची आयात 1980 च्या दशकात बंद झाली, तेव्हापासून तेच जुने नग हातोहात फिरताहेत. ऐबारचा सुमार नगही त्याच ओघात महाग विकला जातो. वेब्ली मुळात चांगलीच. पण कानपूरचं .32 तिच्या मार्क फोर या मॉडेलच्याच घडणीवर बेतलंय आणि त्याचे सुटे भाग मिळतात. वेब्ली बिजागरीवर दुमडून उघडते. तीच हवी असेल तर मिटलेल्या अवस्थेत नळी धरून वरखाली हलवून बघा. बिजागरीत किंवा वरच्या खिट्टीत खेळ जाणवला, तर तो काढायला लागणारा खर्च सौद्यातून आधीच वजा करून घ्या.