सहा जणांसाठी बोर्ड गेम: डब्यावरचा आकडा आणि वाट पाहण्याचा वेळ

प्रश्न : दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जेवणानंतर आम्ही घरातील सहा जण एकत्र बसतो: मी, माझे यजमान, दीर, जाऊबाई, नणंद आणि सासूबाई. मुले शिक्षणासाठी बाहेरगावी असल्यामुळे हे दोन तास आम्हा मोठ्यांचेच असतात. पूर्वी ‘व्यापार’ खेळत असू; परंतु तासाभरात कोणाचे तरी दिवाळे निघते आणि ती व्यक्ती उरलेला वेळ नुसती बसून राहते. गेल्या दिवाळीत ‘कटान’ कौतुकाने आणला, तर तो चौघांपुरताच निघाला. दीर प्रत्येक खेळी फार विचार करून खेळतात. सासूबाई 71 वर्षांच्या, बुद्धीने तल्लख आहेत, पण इंग्रजी वाचायचे म्हटले की त्या मागे सरतात. नणंदेला थापा मारण्याचे आणि एकमेकांवर संशय घेण्याचे खेळ रुचत नाहीत. सहाही जण अखेरपर्यंत गुंतून राहतील असा कोणता खेळ घ्यावा?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या पत्रातील ‘उरलेला वेळ नुसती बसून राहते’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण सहा जणांसाठी खेळ निवडताना डब्यावरच्या आकड्याच्याही आधी पाहायची गोष्ट तीच आहे. डब्यावर ‘2 ते 6’ असे छापलेले असते, तेव्हा सहा जणांना पुरेल इतके साहित्य आत आहे आणि नियमांना सहा जण चालतात, एवढेच त्यातून कळते. सहा जणांत तो खेळ रंगेल की नाही हे त्यातून कळत नाही. प्रत्येकाची पाळी दोन मिनिटे चालते असे धरले, तर चौघांच्या खेळात आपली पाळी सहा मिनिटांनी पुन्हा येते आणि सहा जणांत ती दहा मिनिटांनी येते. त्यात आपल्या दिरांसारखे सावकाश खेळणारे कोणी असले की हे अंतर आणखी वाढते, आणि मग हात आपोआप मोबाइलकडे जातो. यात दोष सावकाश खेळणाऱ्याचा नसतो. एकामागून एक पाळी घेण्याची ती रचनाच सहा जणांना मानवत नाही.

नावाजलेले अनेक आधुनिक खेळ चार-पाच जणांवरच थांबतात, त्याचेही एक कारण हेच असावे. क्लाउस टॉयबर यांचा 1995 सालचा ‘कटान’ मुळात तिघा-चौघांचा आहे, ‘पँडेमिक’ जास्तीत जास्त चौघांचा, तर ‘तिकिट टू राइड’ आणि ‘कार्कासोन’ हे पाच जणांपर्यंतचे आहेत. ‘कटान’साठी पाच-सहा खेळाडूंची पुरवणी स्वतंत्रपणे विकत मिळते, तरीही मी आपल्याला ती सुचवणार नाही. त्या खेळात लाकूड, विटा, धान्य यांच्या देवघेवीची बोलणी हाच खरा रंग असतो आणि सहा जणांत ती बोलणी फार लांबतात. आपला डबा मुले सुट्टीत घरी आली की चौघांत काढावा. तो खेळ उत्तम आहे, त्याला माणसे मात्र बेताचीच लागतात.

सहा जणांना तीन प्रकारच्या रचना मानवतात. सर्वांनी एकाच वेळी खेळी करावी, तिघा-तिघांचे दोन गट पडावेत, किंवा पाळी एकाची असली तरी तिचा परिणाम सहाही जणांना त्या क्षणी भोगावा लागावा. या कसोटीवर आपल्या घरासाठी माझी पहिली पसंती ‘कॅमल अप’ या खेळाला आहे. 2014 साली त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला आणि तो आठ जणांपर्यंत खेळता येतो. पटावर पाच रंगांच्या उंटांची शर्यत चालते. मधल्या पिरॅमिडमधून एका वेळी एकच फासा बाहेर पडतो आणि त्याच्या रंगाचा उंट एक, दोन किंवा तीन घरे पुढे सरकतो. एक उंट दुसऱ्याच्या घरात आला की तो त्याच्या पाठीवर चढतो आणि खालचा उंट चालू लागला की वरच्यांनाही घेऊन जातो, त्यामुळे मागे पडलेला उंट एका फाशात सर्वांच्या पुढे आलेला दिसतो. मुख्य म्हणजे हे उंट कोणा एकाचे नसतात. कोणता उंट पुढे राहील यावर प्रत्येकाने खेळातल्या नाण्यांसाठी पैज लावलेली असते, म्हणून फासा जाऊबाईंनी काढला तरी सहाही जणांचे डोळे पटावरच असतात.

पाळीत चारांपैकी एकच गोष्ट करायची असते आणि पुढच्या फाशासरशी सारे चित्र पालटते, त्यामुळे फार दूरचा विचार करून हाती काही लागत नाही आणि दिरांचा वेगही आपोआप वाढेल. कोणी मध्येच बाद होत नाही, पटावर वाचण्यासारखा मजकूर नाही, पाऊणएक तासात डाव संपतो आणि कोणाला खोटे बोलावे लागत नाही. नियमपुस्तिका मात्र आपण किंवा यजमानांनी आदल्या दिवशी वाचून ठेवावी आणि एक फेरी नमुन्यादाखल खेळून दाखवावी. सहा जण ताटकळत असताना नियम मोठ्याने वाचण्याइतका उत्साह मावळवणारा दुसरा प्रकार नाही.

उरलेल्या तासासाठी मी ज्याची मनापासून शिफारस करीन तो खेळ विकत आणण्याची गरजच नाही. 2019 साली तोच जर्मन पुरस्कार मिळवणाऱ्या ‘जस्ट वन’ची कल्पना अगदी साधी आहे: एकाने डोळे मिटावेत, बाकीच्या पाच जणांनी त्याला ओळखायचा शब्द पाहावा आणि एकमेकांना न दाखवता प्रत्येकी एक सूचक शब्द लिहावा, मग सूचक शब्द ताडून पाहावेत, सारखे आलेले सगळे पुसून टाकावेत आणि उरलेलेच शब्द ओळखणाऱ्याला दाखवावेत. येथे कोणी कोणाविरुद्ध नसतो, तेरा शब्दांपैकी सर्वांनी मिळून किती ओळखले हे मोजायचे असते. विकतच्या डब्यातील इंग्रजी पत्ते सासूबाईंच्या उपयोगाचे नाहीत, म्हणून सहा पाट्या आणि खडू आणावेत आणि प्रत्येकाने घरी वीस-वीस मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या करून आणाव्यात. आपलीच चिठ्ठी ओळखण्याची वेळ आली, तर ती बाजूला ठेवून दुसरी काढावी.

मराठीत हा खेळ कसा खुलतो, हे एका उदाहरणाने सांगतो. शब्द ‘आंबा’ असेल, तर तिघे जण ‘हापूस’ लिहितात आणि तिन्ही पाट्या पुसल्या जातात. उरतात ते ‘मोहोर’ आणि ‘अढी’. यांपैकी ‘अढी’ बहुधा सासूबाईंचीच असेल, कारण पेंढ्यात आंबे घालून ते पिकताना त्यांनी पाहिलेले असतात. ज्या व्यक्तीला इतर खेळांत इंग्रजीमुळे कडेला बसावे लागते, तिचाच शब्दसाठा येथे सर्वांना तारतो, आणि केवळ एवढ्यासाठीसुद्धा हा खेळ मराठीत खेळावा असे मला वाटते. ‘पान’, ‘हार’, ‘नाव’ असे अनेकार्थी शब्द चिठ्ठ्यांत जरूर घालावेत. दोन गोष्टी मात्र आधीच ठरवाव्यात: प्रत्यय लागल्याने किंवा ऱ्हस्वदीर्घामुळे वेगळा दिसणारा शब्द सारखाच धरावा, आणि मूळ शब्दापासूनच झालेला शब्द, म्हणजे ‘आंबा’साठी ‘आमराई’, चालणार नाही.

पत्त्यांची आवड असेल, तर मेंढीकोट सहा जणांतही छान खेळता येतो. चारही दुर्र्या काढल्या की 48 पाने उरतात, प्रत्येकाला आठ येतात आणि एकाआड एक बसलेल्या तिघा-तिघांचे दोन पक्ष होतात.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळात सहा जण ठरलेले असतात, पण कधी एक जण गळतो, तर कधी सातवा येतो. अशा वेळी काय खेळावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मेंढीकोट अशा वेळी अडतो, वर सांगितलेला ‘कॅमल अप’ पाच ते आठ जणांत सारखाच चालतो. इंग्रजीत ‘टेक फाइव्ह’ या नावाने मिळणारा वोल्फगांग क्रामर यांचा पत्त्यांचा खेळ तर दहा जणांपर्यंत जातो, आणि त्यात सर्वांनी एकाच वेळी पान टाकायचे असल्याने माणसे वाढली तरी वाट पाहणे फारसे वाढत नाही.

‘कोडनेम्स’ही आपल्याला उपयोगी पडेल, कारण त्यातील दोन गट तीन आणि चार असे विषम असले तरी बिघडत नाही. टेबलावर 25 शब्द मांडलेले असतात. त्यांतील आपले कोणते हे फक्त दोन्ही गटांच्या नायकांना ठाऊक असते आणि नायकाने एक शब्द व एक आकडा एवढ्यावरच आपल्या गटाला ते ओळखायला लावायचे असतात. एक शब्द काळा असतो, त्याला बोट लावणारा गट तत्काळ हरतो. हाही खेळ मराठी चिठ्ठ्यांवर खेळावा. समजा, आपले शब्द ‘वीट’, ‘तुळस’ आणि ‘टाळ’ आहेत. ‘पंढरपूर, तीन’ असे सांगण्याचा मोह नायकाला होईल. पण काळा शब्द ‘घाट’ असेल, तर चंद्रभागेच्या आठवणीने कोणीतरी नेमके त्यावरच बोट ठेवील. तेव्हा ‘विठोबा, दोन’ एवढेच सांगावे आणि ‘टाळ’ पुढच्या पाळीसाठी राखून ठेवावा.