वाचक विचारतात: फॉरवर्ड आलं, पण आलं कुठून?

ह्या वेळी पत्रं आणि मेसेज मिळून ढीग आला आणि त्यातले निम्मे लिंक, ग्रुप, फॉरवर्ड ह्यावरचेच, म्हणून म्हटलं हा विषय एकदाचा घेऊनच टाकू. सोयाबीनवाले थोडं थांबा, तुमचं पुढच्या अंकात.

प्रश्न: आमच्या गावच्या ग्रुपवर पऱ्हाटीवर मारायच्या औषधाचा मेसेज आला. वर एका विद्यापीठाचं नाव आणि खाली तीन औषधं एकाच पंपात मिसळा म्हणून. दोघातिघांनी मारलं बी, पानं जळली. आता विचारलं का हे टाकलं कोणी, तर जो तो म्हणते मले आला म्हणून मी पुढे ढकलला. खोटं इतकं झपाट्यानं काहून पसरते?
— एक कास्तकार, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, आधी पऱ्हाटीचं बोलू. डब्याच्या लेबलवर जे पीक आणि जी कीड लिहिली आहे तेवढ्यालाच ते औषध, आणि मनानं तीन-तीन औषधं एका पंपात कालवणं म्हणजे नुसतं पानांचं नुकसान नाही, फवारणाऱ्याच्या जिवाशी खेळ, २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते तुम्हाला मी कशाला सांगू. शंका आली की किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन लावा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आता खोटं का पळतं ते. एमआयटी ह्या अमेरिकन विद्यापीठाच्या सोरुश वोसुघी, देब रॉय आणि सिनान अराल ह्या तिघांचा २०१८ मध्ये ‘सायन्स’ ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला. ट्विटरवर २००६ ते २०१७ मध्ये फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या, पसरवणारे लोक तीसेक लाख. निघालं असं की खोटी बातमी पुढे पाठवली जायची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त, आणि १,५०० लोकांपर्यंत पोचायला खरीला साधारण सहापट वेळ लागतो. मला जास्त टोचलं ते वेगळंच, त्यांनी आपोआप ट्विट करणारे प्रोग्राम बाजूला काढून पुन्हा मोजलं तरी फरक तसाच राहिला, म्हणजे हा उद्योग माणसांचाच. खोटं नवं वाटतं, वाचणारा ‘हो का?’ म्हणतो आणि पाठवून मोकळा होतो. ‘लेबल वाचून फवारा’ ह्या मेसेजला कोण हो का म्हणणार सांगा! ट्विटर म्हणजे काही आपला गावचा ग्रुप नव्हे हे खरंय, पण माणसाचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच.

व्हॉट्सअ‍ॅपनं २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड अशी मर्यादा घातली, २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला तर एकाच चॅटची, अशा मेसेजवर दोन बाणांची खूण असते. पण आपले लोक हुशार, मेसेज कॉपी करून नव्यानं पेस्ट करतात, बाण गायब. नाहीतर सरळ स्क्रीनशॉट. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला: वर हिरवी पट्टी, कोपऱ्यात पुसट लोगो, तारीख नाही, प्रमाण ‘१५ लिटर पंपाला’ एवढंच, पीक किती दिवसांचं हवं ते नाही, आणि शेवटची ओळ मधूनच कापलेली, पत्ता-बित्ता असलाच तर तिथंच असणार. असा स्क्रीनशॉट म्हणजे सातबारा नसलेलं वावर, मालक कोण ते कोणालाच सांगता येत नाही.

ग्रुपवर कोणी काही टाकलं की एवढंच लिहा, ‘मूळ लिंक टाका’. कृषी विभागाच्या किंवा विद्यापीठाच्या साइटवरची लिंक असली तर वर पत्ता दिसतो, बहुतेक वेळा तारीख दिसते, आणि त्यांनी मागाहून काही दुरुस्त केलं तर तेही दिसतं, फोटो मात्र चुकीचा तसाच फिरत राहतो. आणि लिंक आली तर उघडा बरं का! कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सच्या इन्रिया संस्थेच्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं की ट्विटरवर शेअर झालेल्या लिंकांपैकी ५९ टक्के लिंकांवर एकानंही क्लिक केलेलं नव्हतं. न वाचताच पुढे!

प्रश्न: मी बीसीएला आहे, प्रोजेक्ट हायपरटेक्स्टवर, म्हणजे लिंकांनी एकमेकांना जोडलेल्या मजकुरावर घेतलाय. सर म्हणाले लिंक म्हणजे वेब काढणारा टिम बर्नर्स-ली, एवढं पुरे. खरंच एवढंच आहे का?
— विद्यार्थिनी, अचलपूर

उत्तर: सरांचं चुकलं नाही, पण बरंच राहिलं. १९४५ च्या जुलैमध्ये व्हॅनेव्हर बुश ह्या अमेरिकन इंजिनिअरनं ‘अटलांटिक’ मासिकात ‘मेमेक्स’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. टेबलाएवढं यंत्र, आत मायक्रोफिल्म, आणि वाचणारा एका कागदावरून दुसऱ्या कागदाकडे स्वतःची वाट आखून ठेवणार, तीच वाट मित्राला देता येणार. यंत्र कधी झालं नाही, पण एकानं आखलेली वाट दुसऱ्यानं चालायची ही गोष्ट तिथूनच सुरू होते. टेड नेल्सननं १९६५ मध्ये हायपरटेक्स्ट हा शब्द छापून आणला आणि हट्ट धरला की लिंक दोन्ही बाजूंनी हवी, म्हणजे तुझ्या लेखातलं वाक्य मी घेतलं तर तुलाही कळायला हवं कोणी घेतलं, आणि माझ्या वाचकाला मूळ लेख दिसायला हवा. डग्लस एंगलबार्टनं ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत हजारभर लोकांसमोर माउसनं क्लिक करून लिंक चालवून दाखवली. बर्नर्स-लीचा वेबचा प्रस्ताव त्यानंतर वीस वर्षांनी, मार्च १९८९, आणि गंमत म्हणजे १९९१ च्या हायपरटेक्स्ट परिषदेनं त्याचा पेपर नाकारला, फक्त डेमो दाखवू दिला.

त्या परिषदेच्या मंडळींकडे लिंक तुटू नये म्हणून नीट सोय केलेल्या सिस्टिम होत्या, वेबची लिंक मात्र एकाच बाजूची, समोरचं पान उडालं तरी हिला पत्ता नाही. पण त्याच ढिलाईमुळे कोणीही कोणाला न विचारता लिंक जोडू शकलं, आणि ३० एप्रिल १९९३ ला बर्नर्स-ली जिथं कामाला होता त्या सर्न ह्या संशोधन संस्थेनं वेबचं सगळं तंत्र फुकट खुलं केलं, मग वेबला कोण थांबवतं. माझं मत विचारशील तर नेल्सनचं म्हणणं आज जास्त पटतं. वरच्या दारव्ह्याच्या भाऊंचं पत्र वाच, दोन्ही बाजूंची लिंक असती तर त्या फोटोचा मालक एका क्लिकवर सापडला असता. प्रोजेक्टमध्ये हे उदाहरण बिनधास्त घाल.

प्रश्न: आमचा बचत गट भिवापुरी मिरचीचं तिखट अन् सरगुंडे करतो. गावच्या ग्रुपवर रोज फोटो टाकतो, सगळ्या बाया अंगठा दाखवतात, घेत कोणीच नाही.
— भिवापूरजवळच्या गावातून

उत्तर: ताई, तुमच्या ग्रुपमधल्या बाया घरीच तिखट कांडून आणतात, त्या कशाला घेतील! मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी बॉस्टनजवळच्या, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की खबर देणाऱ्याला तुम्ही कितीदा भेटत होता. नेहमी भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के, बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइन ह्या नोकरीधंद्याच्या साइटच्या दोन कोटी लोकांवर हेच तपासलं तेव्हाही दूरच्या ओळखी सरस ठरल्या, पण अगदीच तोंडओळख नव्हे, मधल्या.

तर माहेरच्या ग्रुपवर टाका, पुण्याला कामाला असलेल्या भाच्याला त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला सांगा. आणि फोटो नको, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग करून त्याची लिंक द्या. भाव वाढला की एकाच जागी बदलायचा, नाहीतर जुन्या भावाचा फोटो दिवाळीनंतरही फिरतो आणि भांडण तुमच्या दारात येतं.

प्रश्न: वाचनालयात एमपीएससीच्या पोरांसाठी उपयोगी लिंकांची यादी ठेवली होती. आता बऱ्याच उघडतच नाहीत.
— ग्रंथपाल, देवळी

उत्तर: सर, हे सगळीकडेच आहे. प्यू रिसर्च ह्या अमेरिकन संस्थेनं २०२४ मध्ये पाहिलं तर २०१३ मधल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांत गायब. वेबॅक मशीनच्या साइटवर जुनी लिंक टाकून पाहा, बऱ्याचदा पानाची साठवलेली प्रत निघते, आणि नवी लिंक यादीत घेतानाच तिथं ‘सेव्ह पेज’ करून ठेवा. विषयवार नावं एकट्यानं देत बसू नका, पोरांनाच प्रत्येक लिंकपुढे दोन-तीन शब्द लिहू द्या. डिलिशस ह्या लिंका साठवायच्या साइटवर गोल्डर आणि ह्युबरमन यांनी २००६ मध्ये पाहिलं होतं की एका लिंकला शंभरेक जणांनी आपापल्या मनानं नावं दिली की कोणतं नाव किती वेळा येतं ते प्रमाण जवळपास ठरून जातं, कोणी नियम न घालता. तुमच्याकडे शंभर पोरं नसतील, पण शब्द त्यांचेच असले की शोधताना त्यांनाच सापडतील. आणि प्रत्येक लिंकपुढे कोणी दिली आणि कधी दिली ह्याचे दोन रकाने आजच पाडून घ्या.