ग्रुपवर रोज नवीन लिंक येते, आणि माझं मात्र काहीच होत नाही

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न माझ्याकडं चौथ्यांदा आला म्हणून आज लिहायला बसले. परवा एका आईचा मेसेज होता, मुलगा पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दिवसरात्र इंटर्नशिपचे फॉर्म भरत बसतो, कुठूनच काही येत नाही, जेवणात लक्ष नाही आणि आता म्हणायला लागलाय की मी चुकीच्या लाइनला आलो, मॅडम काय करू. बाकीच्या तिघांचंही थोड्याफार फरकानं हेच. त्यांना उत्तर म्हणून एका मुलीचं सांगते. तिला विचारूनच सांगतेय, आणि ओळख लागेल असं बरंच बदललंय.

राधानगरीकडची मुलगी, भोगावतीच्या काठचं गाव, इथं कोल्हापुरात हॉस्टेलला राहून मास कम्युनिकेशन करत होती. जुलैमध्ये राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आली तेव्हा ओली छत्री आत आणू की बाहेर ठेवू इथपासून घाबरलेली. मोबाईल टेबलावर उलटा ठेवला तरी तो थरथरला की बोलता बोलता थांबायची. मी विचारलं, किती ग्रुपवर आहेस गं? तिनं तिथंच मोजले, अकरा. वर्गाचा, डिपार्टमेंटचा, सिनियर लोकांचा, मीडिया जॉब्सचे तीन वेगवेगळे, स्पर्धांचा एक, असे. "मॅडम, मी सगळे फॉर्म भरतो, एक पण सोडत नाही, तरी मलाच का?" (आमच्याकडच्या मुली मी भरतो, मी जातो असंच बोलतात, ते मी बदललेलं नाही, कारण पुढं तिच्या बोलण्याचाही विषय येणार आहे.)

सुरुवात झाली ६ जानेवारीला. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली त्या दिवशी दर्पण सुरू केलं म्हणून आपल्याकडं पत्रकार दिन असतो, तसा कॉलेजातही कार्यक्रम झाला, तिच्या जवळच्या मैत्रिणीला बातमीलेखनात पहिला नंबर मिळाला आणि त्याच आठवड्यात ती मैत्रीण मुंबईला एका चॅनेलमध्ये इंटर्नशिपला गेली. मग रोज तिचे स्टेटस, गळ्यात आयकार्ड, मागं न्यूजरूमचे स्क्रीन. हिला तेव्हापासून रात्री दोनला जाग यायला लागली, जाग आली की पहिला हात मोबाईलवर, कुठली नवीन लिंक आली का.

पहिल्या भेटीत मी चुकले. तुलना करू नकोस, प्रत्येकाची वेळ येते, असं काहीतरी बोलून गेले. ती "हो मॅडम" म्हणाली आणि पुढचा अर्धा तास बंद झाली, नुसती हो हो. तुलना करू नकोस हे अशा मुलांना सांगण्यात खरंच काही अर्थ नाही. चाळीस मुलं एका वर्गात, एकाच ग्रुपवर, एकाच लिंकवर फॉर्म भरतायत, त्यातल्या एकाचं होतं आणि बाकीचे अंगठ्याचा इमोजी टाकून अभिनंदन लिहितात, मग तुलना नाही होणार तर काय होणार. तिला माझ्याकडून शहाणपण नको होतं, नेमकं कुठं दुखतंय ते कुणीतरी विचारायला हवं होतं.

म्हणून दुसऱ्या भेटीला येताना आजपर्यंत भरलेले सगळे फॉर्म एका कागदावर लिहून आण म्हटलं. सत्तावीस निघाले. आम्ही एकेक ओळ वाचत गेलो, घाई नाही. सत्तावीसपैकी चार ठिकाणांहून उत्तर आलेलं, म्हणजे काहीच आलं नाही हे तसं खरं नव्हतं, पण त्या चार ओळींपाशी आलो की ती घाईनं पुढं सरकायची. मी तिथंच थांबले.

एका ठिकाणी अँकरची ऑडिशन झाली होती आणि तुमची भाषा गावठी आहे, सहा महिन्यांनी बघू, असं सांगितलं होतं. दुसऱ्या एका पोर्टलनं सहा आठवडे घरबसल्या काम करून घेतलं, काम म्हणजे इतरांच्या बातम्या शब्द फिरवून लिहायच्या, एकाही बातमीला तिचं नाव नाही, सर्टिफिकेटचं विचारलं तेव्हा फोन उचलणं बंद. तिसऱ्यांनी डिपॉझिट मागितलं, ते तिनं सोडून दिलं. आणि चौथं, तालुका प्रतिनिधी म्हणून नेमणूक आणि प्रेसचं आयकार्ड, दीड हजार रुपये. ते तिनं भरले होते. पुस्तकं घ्यायचीत म्हणून वडिलांकडून घेतलेले. आयकार्ड आलं, कप्प्यात पडलंय, कामाचं काही नाही. हे सांगताना ती जी रडायला लागली ते पंधरा-वीस मिनिटं, मी पाणी दिलं आणि नुसती बसून राहिले. वडील दूध संस्थेत मापाडी आहेत, दीड हजार म्हणजे त्यांचं काय असतं हे तिला माहीत होतं.

त्या दिवशी मला कळलं की हिला संधी मिळत नाही हे वरवरचं, आत लाज बसलीय. फसलो याची, खोटं बोललो याची, आणि आपलं बोलणंच गावठी आहे याची. मग जितकी लाज जास्त तितके फॉर्म जास्त, कारण फॉर्म भरताना तेवढी पाच मिनिटं आपण काहीतरी करतोय असं वाटतं. आणि अजून एक गोष्ट त्या कागदावर दिसली. बहुतेक फॉर्ममध्ये एक रकाना असतो, तुमचं केलेलं काम जोडा. तो तिनं प्रत्येक वेळी मोकळा सोडला होता, नाहीतर पहिल्या सेमिस्टरची असाइनमेंट लावली होती. जानेवारी ते जुलै सत्तावीस फॉर्म आणि स्वतःचं असं लिहिलेलं एक पान नाही. हे मी तिला त्या दिवशी बोलले नाही, रडलेल्या माणसाला असं लगेच सांगायचं नसतं.

पैशाचं मात्र स्पष्ट सांगितलं आणि इथंही सांगते, शिकणाऱ्या पोरांनी हे डोक्यात पक्कं ठेवावं. नोकरी किंवा इंटर्नशिप देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, आयकार्डाचे, ट्रेनिंगचे, डिपॉझिटचे, त्याच्याकडं बातमीदारी नाहीये. विनामानधन काम असेल तर निदान दोन गोष्टी आधी लिहून घ्या, किती आठवडे आणि बातमीला नाव लागणार की नाही. आणि तालुक्याला काम करणाऱ्या बऱ्याच जणांवर जाहिराती आणायचं ओझं असतं, कमिशनवर भागवावं लागतं, तेही पहिल्याच दिवशी विचारा, विचारल्यानं कुणी मारत नाही.

तिसऱ्या भेटीला ती आलीच नाही. पाऊस लागून राहिलेला, गावाकडं गेली होती, बंधारा पाण्याखाली, रस्ता बंद. मी फोन केला. म्हणाली, "मॅडम, काय सांगू, सकाळपासून फोनच फोन. वर्गातले विचारतात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले काय, मामा विचारतो पाणी कुठवर आलंय, आणि ग्रुपवर कुणीतरी २०१९ च्या पुराचा फोटो आजचा म्हणून टाकलेला, सगळे घाबरले. मग मी पप्पांना पुलाजवळ पाठवलं, लांबूनच आत्ताचा फोटो काढायला लावला, दोन्ही शेजारी शेजारी टाकले आणि सांगितलं बघा खांबावर पाणी कुठं होतं आणि आज कुठं आहे. मग बसले गप्प." हे सगळं ती कटकट म्हणून सांगत होती.

मी म्हटलं, अगं हे तू जे केलंस त्याला तुमच्या अभ्यासात काय म्हणतात?

बराच वेळ काही नाही, नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाली, "फॅक्ट चेक." आणि लगेच, "पण मॅडम, ते काय, ते तर घरचंच आहे की."

ते घरचंच आहे. हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलंय. जे आपल्याला येतं, आपल्या अंगणात घडतं, ते बातमीच नाही, बातमी म्हणजे मुंबई, बातमी म्हणजे स्टुडिओ. अहो, कोल्हापुरातला माणूस जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी उठला की आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे, धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले यावर गंगावेशीपासून शिरोळपर्यंत लोक सामान वर ठेवायचं की नाही ते ठरवतात. आणि त्या पाण्याच्या अगदी उगमाकडं बसलेली ही मुलगी म्हणते हे घरचंच आहे.

मी तिला काय लिही ते सांगितलं नाही, ते माझं काम नाही आणि मला कळतही नाही. एवढंच म्हटलं की पुढचे तीन आठवडे एकही फॉर्म भरायचा नाही, अकरापैकी नऊ ग्रुप म्यूट, दिवसातून एकदा संध्याकाळी सहाला बघायचे, आणि घरचंच म्हणून जे सोडून देतेस त्यातलं एक लिहायचं. फॉर्म बंद म्हटल्यावर पहिले चार दिवस तिला खूप जड गेले, हात शिवशिवायचा, दोनदा मोडलंही. पण लिहिलं. रस्ता बंद झाला की दुधाचा टेम्पो येत नाही, मग घरोघरच्या बायका त्या दुधाचं काय करतात, खवा कोण करतं, कुणाचं नासतं, पंधरवड्याच्या बिलात किती खड्डा पडतो. आईपासून सुरुवात केली, मग गल्ली, मग पलीकडची वाडी. गावाकडचा तो बंधारा वर्षाला किती दिवस पाण्याखाली असतो हे कुणालाच नेमकं सांगता येईना म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत, उत्तर आलं आणि ते आकडे लेखात गेले. डिपार्टमेंटच्या प्रायोगिक अंकात तो छापून आला, तिच्या नावानं.

मधल्या काळात वडिलांना बोलावलं होतं. पैशाचं तिनं स्वतःच सांगितलं, मी नुसती शेजारी बसले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, दीड हजाराचं जाऊ द्या, पोरगी जेवत नव्हती ते आमाला काय कळंना. पर तुमीच सांगा, पेपरात काय ऱ्हायलंय आता?" मी म्हटलं दादा, सगळं छान आहे असं मी सांगणार नाही, पगार सुरुवातीला कमीच असतो, डेस्कवर रात्रीची ड्युटी असते आणि मुलीनं रात्री घरी कसं यायचं हा प्रश्न खराच आहे, तो नोकरी घेतानाच बोलून घ्यायचा. पण हे शिकलेल्याला पेपर हीच एक वाट नाही. सरकारच्या माहिती खात्यातली पदं असतात, एमपीएससीतून भरतात. मास कम्युनिकेशनमध्ये नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, देता येते, शिकवता येतं. आकाशवाणीला नैमित्तिक निवेदकांच्या ऑडिशन निघतात, तिथं उच्चार बघतात हे खरं, पण उच्चार सरावानं येतात, सायकल येते तसे, त्यासाठी घरची बोली टाकून द्यावी लागत नाही. मराठीतूनच पुढं शिकायचं तर आयआयएमसीच्या, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेच्या, अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा आहे. आणि आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या कोल्हापुरातच बसतंय, सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं येतायत, ती समजून सोप्या मराठीत लिहिणारी माणसं लागणारच. खेड्यातल्या गोष्टी कशा लिहायच्या ते बघायचं तर पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं पारी हे ग्रामीण भारताबद्दलचं संकेतस्थळ आहे, मराठीतही वाचायला मिळतं, त्यात विद्यार्थ्यांनी केलेलं कामही आहे. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या दुधाच्या लेखाचा एक अंक मिळेल काय, संस्थेत लावतो.

पुढं काय झालं तर, फार मोठं काही नाही. त्या लेखासकट तिनं फक्त तीन ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणांहून उत्तर नाही. तिसऱ्यानं बोलावलं, जिल्हा पानावर दोन महिने, प्रवासखर्च देऊन, आणि तिथल्या उपसंपादकानं पहिला प्रश्न विचारला की दूध नासलेल्या बाईनं आकडा सांगितला तो तू तपासलास कसा. तिला उत्तर येत होतं. मैत्रिणीचे स्टेटस बघून अजूनही पोटात कालवतं, ते तिनं मागच्या महिन्यातच सांगितलं, पण रात्री दोनची जाग बंद झालीय.

आता त्या आईला. मुलाचा मोबाईल काढून घेऊ नका, त्यानं तो एकटा पडेल. कुठं पैसे भरलेत का ते न ओरडता विचारा, आणि सांगितलं तर त्या दिवशी हिशोब मागू नका. जेवण-झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, आंघोळ-कपड्यांचं भान नसेल, किंवा जगण्यात काय अर्थ आहे असं काही बोलला असेल तर माझी वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावला तरी चालतो, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तसं काही नसेल तर त्याला घेऊन या, आणि येताना त्यानं स्वतः लिहिलेलं काही असेल तर तेही आणायला सांगा, वहीत असलं तरी चालेल. नसेल तरी या.