वेग पाहून संशय घ्यावा का? बोल्ट, बंदी आणि ९.५८

शंभर मीटरच्या सार्वकालिक यादीतले पहिले पाच काढले तर जमैकाचा उसेन बोल्ट सोडून चौघांवर कधी ना कधी बंदी आलेली आहे. मग त्या चौघांपेक्षा जोरात पळणारा एकटा बोल्टच धुतल्या तांदळासारखा कसा, असा तुमचा प्रश्न. वर तुम्ही म्हणता की उपजत गुण, मेहनत वगैरे सगळं समालोचकांनी सांगायचं, खरा खेळ औषधांचा. पहिली शंका रास्त आहे. दुसरी मला मान्य नाही. बरीच वर्षं मुलामुलींना स्प्रिंट शिकवतोय, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी यादी. बोल्ट ९.५८ सेकंद, टायसन गे आणि योहान ब्लेक ९.६९, असाफा पॉवेल ९.७२, जस्टिन गॅटलिन ९.७४. ब्लेकची बंदी २००९ मधली, एका उत्तेजकासाठी, म्हणजे तेवढ्यापुरती तरतरी आणणाऱ्या औषधासाठी, तीन महिन्यांची. पॉवेलच्या नमुन्यात २०१३ मध्ये ऑक्सिलोफ्रिन हे उत्तेजक सापडलं. त्याने पूरक आहाराकडे बोट दाखवलं आणि क्रीडा लवादाने १८ महिन्यांची बंदी ६ महिन्यांवर आणली. गे त्याच वर्षी स्टेरॉइडसाठी, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या औषधासाठी, सापडला, चौकशीत सहकार्य केलं म्हणून वर्षभरावर सुटला. गॅटलिनचं २००६ चं प्रकरण टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे स्टेरॉइडांतल्याच पुरुषी हार्मोनचं, बंदी चार वर्षांची. या चौघांना एकाच माळेत ओवलं की मुद्दा जोरदार दिसतो, पण तीन महिन्यांच्या बंदीचं उत्तेजक आणि टेस्टोस्टेरॉन यांत फार अंतर आहे.

आता औषधाचं काम. लोकांना वाटतं, गोळी घेतली, पळाला, जिंकला. उत्तेजकांच्या बाबतीत ते थोडंफार खरं असेल. स्टेरॉइड मात्र शर्यतीच्या दिवशी फारसं काही करत नाही. त्याचं काम कित्येक महिने आधी, सरावात झालेलं असतं.

पूर्ण वेगाचा सराव कधी जवळून पाहा. ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय रोवायच्या ठोकळ्यांतून, ३० मीटरचे चार-पाच स्टार्ट, मग ६० मीटरचे तीन-चार रन. प्रत्येक रननंतर सहा-आठ मिनिटं नुसतं चालायचं. बघणाऱ्याला वाटतं पोरं टंगळमंगळ करतायत. मी घड्याळ घेऊन उभा असतो. दुसऱ्या रनपेक्षा चौथ्याची वेळ दिसण्याइतकी घसरली, पाय जमिनीवर जरा जास्त रेंगाळायला लागला, खांदे कानांकडे चढले, की त्या दिवसाचं काम तिथंच थांबवायचं. त्यापुढे पळणारा फक्त हळू पळायला शिकतो, आणि हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरायची वेळही नेमकी तीच. असा सराव पुन्हा करायला मध्ये दोन दिवस तरी जाऊ द्यावे लागतात. म्हणजे आठवड्यात खऱ्या अर्थाने वेगाचे दिवस दोन, फार तर तीन.

स्टेरॉइड शिरतं ते इथे. स्नायू लवकर भरून येतो, वजनं जास्त उचलता येतात, आणि तोच सराव आठवड्यात आणखी एकदा झेपतो. हे वर्षभर चाललं की फरक पडतो. पण तो सराव करावाच लागतो. कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन याचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी तिथल्या औषधांबद्दलच्या सरकारी डबिन चौकशीत १९८९ मध्ये शपथेवर सगळं सांगून टाकलं. औषधं दिली हे खरं. पण कमी रन, पूर्ण वेग, पूर्ण विश्रांती ही त्यांची पद्धत आज औषधांना हात न लावणारेही वापरतात. मी वापरतो. सेऊल ऑलिम्पिकमध्ये १९८८ ला जॉन्सन ९.७९ पळाला आणि स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडून पदक गेलं, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

आणि औषध बंद केल्यावर सगळा फायदा उतरतो असंही नाही. ऑस्लोच्या संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांवर दाखवलं की टेस्टोस्टेरॉनने स्नायूपेशींत वाढलेली केंद्रकं औषध थांबवून बराच काळ लोटल्यावरही टिकतात आणि नंतर व्यायाम दिला की तो स्नायू झपाट्याने वाढतो. माणसात हे कितपत लागू होतं यावर वाद आहे. तरी गॅटलिन चार वर्षांची बंदी भोगून येतो आणि ३३ व्या वर्षी, २०१५ मध्ये, आयुष्यातली सर्वोत्तम वेळ देतो, तेव्हा तो प्रयोग आठवतोच.

मग उपजत काय असतं? वेगवान माणूस पाय भराभर हलवतो म्हणून वेगवान, असं वाटतं. मोजमापं वेगळं सांगतात: हवेतला पाय पुढे आणायला साध्या पळणाऱ्याला आणि विजेत्याला जवळपास सारखाच वेळ लागतो. फरक असतो तो जमिनीवर. पाय टेकतो तो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग, आणि तेवढ्यात वजनाच्या कित्येक पट जोर लावता येतो की नाही, हा प्रश्न. ते काही अंशी शिकवता येतं, बरंचसं येत नाही. एसीटीएन३ या जनुकाचं नाव ऐकलं असेल. त्यातून वेगवान स्नायूतंतूंमधलं एक प्रथिन तयार होतं, आणि ते प्रथिन अजिबात नसलेला माणूस अव्वल स्प्रिंटमध्ये क्वचितच सापडतो. पण ते असणारी माणसं जगात अब्जावधी आहेत, त्यामुळे जनुक तपासून कोणी विजेता निवडू शकत नाही.

बोल्टची उंची १.९५ मीटर. इतका उंच माणूस ब्लॉकमधून लवकर उठत नाही असा आमच्या धंद्यातला समज होता. बर्लिनमधल्या २००९ च्या, ९.५८ च्या शर्यतीत वीस-वीस मीटरचे तुकडे असे पडले: २.८९, १.७५, १.६७, १.६१, १.६६. शेवटच्या वीस मीटरमध्ये तोही मंदावतोय. सगळेच मंदावतात, तो इतरांपेक्षा कमी. सुमारे ४१ पावलांत त्याने शंभर मीटर संपवले. इतरांना तीन-चार पावलं जास्त लागतात. लांब पाय आणि पावलांची लय दोन्ही एका शरीरात येणं फार दुर्मीळ.

माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका पुरावा कुठल्या एका खेळाडूचा नाही, विक्रमांच्या पुस्तकातला आहे. पुरुषांच्या १००, २०० आणि ४०० मीटरचे १९८० च्या दशकातले विक्रम केव्हाच मोडले. बायकांचे तिन्ही अजून उभे आहेत: अमेरिकेच्या फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचे १०.४९ आणि २१.३४, दोन्ही १९८८ चे, आणि पूर्व जर्मनीच्या मारिटा कोखचे ४७.६०, १९८५ चे. बुटं बदलली, ट्रॅक बदलले, सराव सुधारला, तरी हे हलत नाहीत. बाहेरून दिलेल्या पुरुषी हार्मोनचा परिणाम बाईच्या शरीरावर कितीतरी जास्त होतो. पूर्व जर्मनीत तर खेळाडूंना औषधं देण्याची सरकारी योजनाच होती, कागदपत्रं नंतर उघड झाली. ग्रिफिथ-जॉयनर कधीच चाचणीत सापडली नाही, हेही नोंदवायला हवं. शिवाय १०.४९ च्या वेळी इंडियानापोलिसला वारामापक शून्य दाखवत होता आणि शेजारी तिहेरी उडीच्या मापकावर त्याच सुमारास सेकंदाला ४.३ मीटर वारा होता, त्यामुळे त्या आकड्यात वाऱ्याचाही वाटा असणार.

‘चाचणीत सापडला नाही’ याला किती किंमत द्यायची? बाद होण्याइतकी कमी नाही, निश्चिंत होण्याइतकी जास्त नाही. अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्स हिची सिडनी ऑलिम्पिकमधली पदकं गेली ती २००७ मधल्या तिच्या कबुलीमुळे. खेळाडूंना औषधं पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या बाल्को प्रयोगशाळेचं द्रव्य चाचणीत दिसू नये म्हणूनच बनवलं होतं. २००३ मध्ये एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज अधिकाऱ्यांकडे पाठवली म्हणून ते उलगडलं. लंडन ऑलिम्पिकआधीच्या काही महिन्यांत जमैकाच्या राष्ट्रीय चाचणी संस्थेने स्पर्धेबाहेरची जेमतेम एक चाचणी घेतली, हे त्याच संस्थेच्या माजी प्रमुख बाईंनी २०१३ मध्ये जाहीर केलं. आंतरराष्ट्रीय महासंघ स्वतंत्रपणे चाचण्या घेत होता, पण औषधाचं काम सरावाच्या महिन्यांत होतं म्हटल्यावर ही फट लहान नव्हे. आता नियम असा आहे की खेळाडूने रोज एक तास आपण कुठे सापडू ते कळवायचं. बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर औषध न सापडताही बंदी. ९.७६ पळालेल्या ख्रिश्चन कोलमनला तशीच बंदी आली. नमुने बरीच वर्षं (आता दहा) जपून ठेवतात, म्हणूनच २००८ च्या बीजिंगच्या रिलेचं बोल्टचं सुवर्ण २०१७ मध्ये गेलं, सहकारी नेस्टा कार्टरच्या नमुन्यामुळे.

म्हणून मी एका वेळेकडे पाहत नाही, वयाप्रमाणे वेळा कशा उतरल्या ते पाहतो. बोल्ट २००२ मध्ये किंग्स्टनला १५ व्या वर्षी २०० मीटरचा जागतिक ज्युनियर विजेता झाला, २०.६१ मध्ये. १७ व्या वर्षी १९.९३. म्हणजे २००८ चा बोल्ट आकाशातून पडला नव्हता. त्याच्याविरुद्ध पुरावा नाही, आणि त्याच्यासाठी शपथ घेऊन उभं राहावं इतकं त्या काळातल्या चाचण्यांनी मला दिलेलं नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. लहानपणीचा वेग औषध नसल्याची हमी देत नाही, पण ‘हे सगळं औषधाचंच’ हे म्हणणं त्याने खोटं पडतं.

ऑस्ट्रेलियाचा गाउट गाउट डिसेंबर २०२४ मध्ये १६ व्या वर्षी २०० मीटर २०.०४ मध्ये पळाला आणि पीटर नॉर्मनचा १९६८ चा २०.०६ हा राष्ट्रीय विक्रम गेला. लगेच ‘काय घेतो हा?’ सुरू झालं. पोरगा आहे, लहान वयापासूनच्या वेळा नोंदलेल्या आहेत, दरवर्षी सुधारतोय. मला त्यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. नव्या स्पाइक्समुळे (खिळ्यांच्या बुटांमुळे) सगळ्यांच्याच वेळा थोड्या खाली आल्या आहेत, ते वेगळं धरा. उलट कोणी २६ व्या वर्षापर्यंत शंभर मीटरला १०.२० च्या आसपास घुटमळतोय आणि एका हिवाळ्यानंतर ९.८५ घेऊन येतो, तर मी आधी विचारेन की त्या हिवाळ्यात तो कुठे आणि कोणाकडे सराव करत होता, आणि तिथे नमुने घ्यायला किती वेळा कोणी गेलं होतं.