वाचकांचे प्रश्न : कोंबडबाजार आणि 50 रुपयांचा दंड

प्रश्न : आमच्या गावाबाहेर धानकापणीनंतर दर रविवारी कोंबडबाजार भरतो. कोंबड्यांच्या पायाला कात्या (धारदार पाती) बांधून झुंजी लावतात, पैज लागते. ठाण्यात गेलो तर 'हा अदखलपात्र गुन्हा आहे' असं उत्तर मिळतं. तक्रार कशी करावी? – एक वाचक, जि. चंद्रपूर

ठाण्यात सांगतात ते अर्धंच खरं आहे. प्राण्यांवरील क्रूरतेला बंदी घालणाऱ्या 1960 च्या केंद्रीय कायद्यात कलम 11(1) खाली झुंजीबद्दल दोन वेगळे खंड आहेत. खंड 'एम'मध्ये करमणुकीसाठी प्राण्यांना एकमेकांवर सोडणं येतं. झुंजीची जागा भरवणं, चालवणं, त्यासाठी जागा देणं किंवा आत सोडायला पैसे घेणं हे खंड 'एन'मध्ये आहे. कलम 31 नुसार 'एन' दखलपात्र आहे, 'एम' नाही. म्हणजे 'गावात कोंबडे झुंजवतात' एवढंच लिहिलंत तर तपासाआधी न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. तोच प्रकार 'अमुक गट क्रमांकाच्या जमिनीवर झुंजीची जागा चालवली जाते' असा मांडलात तर पोलिसांना थेट गुन्हा नोंदवता येतो.

म्हणून तक्रारीत कोंबड्यांआधी जागेबद्दल लिहा : गट क्रमांक, 7/12 वर नाव कोणाचं, रिंगण कोण आखतं, प्रवेशाचे पैसे कोण गोळा करतं, वार आणि वेळ. सोबत महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम 12 घाला. रस्त्यावर किंवा लोकांना मोकळेपणी जाता येतं अशा ठिकाणी पक्षी झुंजवणाऱ्याला त्यात वॉरंटशिवाय पकडता येतं. तिथे हजर राहून साथ देणाराही त्यातून सुटत नाही.

इथे एक चूक फार वेळा होते. फक्त जुगाराचा गुन्हा नोंदवला जातो आणि 1960 चा कायदा कागदावर येतच नाही. मग कोंबडा हा मोटारसायकल आणि रोख रकमेसारखा निव्वळ मुद्देमाल ठरतो. प्रथम खबर अहवालात दोन्ही कायद्यांची कलमं आहेत का, हे प्रत हातात आल्यावर लगेच पाहा. नोंद घ्यायलाच नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. थांबू मात्र नका : 1960 च्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नाही.

व्हिडिओसाठी गर्दीत शिरू नका, तिथे कात्या असतात आणि पैसा लावलेली माणसं असतात. बाजार चालू असताना 112 ला फोन करा. लांबून चित्रीकरण झालंच, तर मूळ फाईल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या प्रतीचा आकार आणि दर्जा कमी होतो, चित्रीकरणाची वेळ आणि तारीख दाखवणारा तपशील गळतो. न्यायालयात ती फाईल पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्रही लागतं.

प्रश्न : धाडीत पकडलेल्या कोंबड्यांचं पुढे काय करावं? ठाण्याच्या आवारात एकाच डालग्यात ठेवलेले पाहिले. – एक वाचक, गोंदिया

एका डालग्यात ठेवणं म्हणजे झुंज पुन्हा लावून देणं. प्रत्येकाला वेगळा पिंजरा हवा, आणि मध्ये पुठ्ठा किंवा गोणपाट लावायला हवं. नुसत्या जाळीतून समोरचा कोंबडा दिसला तरी ते जाळीवर धडका मारत राहतात.

जखम वरून दिसत नाही. कातीचा घाव तोंडाशी लहान आणि आत खोल असतो, पिसं त्यावर बसतात. पंखाखाली, छातीवर, मांड्यांच्या आत पिसं उलटी सारून पाहावं लागतं. कातडीखाली बोट दाबल्यावर कुरकुर लागली तर आतली हवेची पिशवी फुटून हवा कातडीखाली शिरल्याची शक्यता असते. चोच उघडी ठेवून श्वास घेणाऱ्या कोंबड्याला त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यायला हवं. गावातल्या कोंबड्यांपासून 21 दिवस तरी वेगळं ठेवा, कारण ठिकठिकाणचे पक्षी एकत्र आल्यावर मानमोडी, म्हणजे राणीखेत, पसरायला वेळ लागत नाही. पिंजरे झाडणाऱ्याने त्याच चपलांनी घरच्या खुराड्याकडे जाऊ नये.

ताब्यासाठी 2017 च्या मुद्देमाल प्राण्यांबाबतच्या केंद्रीय नियमांचा आधार घ्या. जप्त प्राण्याची पशुवैद्यकाकडून तपासणी आणि ओळखखूण करून घेण्याची जबाबदारी जप्त करणाऱ्यावर आहे. खटला चालू असताना पक्षी पांजरापोळ किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात, आणि सांभाळाच्या खर्चासाठी मालकाकडून बंधपत्र घेतलं जातं. असा आदेश मागणारा अर्ज पहिल्याच तारखेला करा. लिलाव झाला तर बोली लावायला येतात ते बहुधा झुंजवालेच.

प्रश्न : काती न बांधता, परंपरा म्हणून झुंज लावली तर चालते का? – एक वाचिका, पालघर

नाही. खंड 'एम'मध्ये शस्त्राचा उल्लेखच नाही, झुंजायला प्रवृत्त केलं की गुन्हा पूर्ण होतो. कलम 28 ची सवलत फक्त धर्माने आवश्यक मानलेल्या पद्धतीने प्राणी मारण्यापुरती आहे, झुंज तिच्यात बसत नाही.

प्रश्न : शिक्षा एवढी किरकोळ कशी? महाराष्ट्राला स्वतःचा कायदा करता येत नाही का? – एक वाचक, नागपूर

येतो, आणि करायला हवा. 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. तीन वर्षांत पुन्हा केला तर 25 ते 100 रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे पाहिल्यावर बाजार भरवणारा कायद्याला का घाबरत नाही ते कळतं, आणि याची चीड यायलाच हवी.

प्राण्यांवरील क्रूरता हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राज्याने केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घेतली की ती राज्यात लागू होते. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये नेमकं हेच केलं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 18 मे 2023 रोजी ती दुरुस्ती वैध ठरवली. (त्या दुरुस्तीतलं कोंबड्यांना काहीही लागू नाही, कोणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.) जी वाट शर्यतीला परवानगी देण्यासाठी चालली, ती शिक्षा वाढवण्यासाठीही खुली आहे. जुगार तर राज्य सूचीतलाच विषय, तिथे दिल्लीला विचारायचीही गरज नाही.

अमेरिकेत हे काम राज्याराज्यांनी केलं. ओक्लाहोमात 2002 मध्ये मतदारांनीच बंदी आणली आणि 2008 मध्ये लुइझियाना हे बंदी घालणारं शेवटचं राज्य ठरलं. तिथल्या केंद्रीय कायद्यात झुंज पाहायला जाण्याला एक वर्षापर्यंत आणि 16 वर्षांखालील मुलाला नेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आपल्या आमदारांना अशासकीय विधेयकासाठी (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडायच्या विधेयकासाठी) पत्र द्या किंवा विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज करा. त्यात 'कडक कायदा करा' असं मोघम लिहून भागणार नाही. मागण्या नेमक्या मांडा : खंड 'एम' दखलपात्र करावा, दंड हजारांत न्यावा, झुंजीची काती बनवणं आणि बाळगणं हा स्वतंत्र गुन्हा असावा, मुलांना नेणाऱ्याला जादा शिक्षा असावी, आणि जप्त पक्ष्यांच्या लिलावाला बंदी असावी.