गाडी ओढेल, पण पेलेल का?

प्रश्न : आमच्या एसयूव्हीची ओढण्याची क्षमता ७,५०० पौंड आहे. पसंत केलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरचं (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) रिकामं वजन ४,६००, सामानासकट कमाल ६,०००. आईबाबा आले की सहाही जण ग्रँड कॅन्यनला जाऊ म्हणतो. विक्रेता म्हणतो, बिनधास्त घ्या. पण ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकरवर १,४०० पौंड लिहिलंय, ते काय?
– एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : तेच तर पाहायचं. १,४०० हा तुमच्या गाडीचा पेलोड : ड्रायव्हरसकट सगळी माणसं, सामान, हिच (गाडीला ट्रेलर जोडायचा सांधा) आणि ट्रेलरचा हिचवर पडणारा भार, म्हणजे टंग वेट, हे सगळं त्यात बसलं पाहिजे. आकडा स्वतःच्याच गाडीवरचा घ्या. सनरूफ किंवा मोठी चाकं असली की त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा वेगळा निघतो. जाहिरातीतले ७,५०० बहुधा दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसं धरून काढलेले असतात.

रिकामं वजन विसरा. त्यात पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत, बऱ्याचदा बॅटरीही नाही. एक गॅलन पाणी ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच गेले. कुकर, पिठाचे डबे वेगळे. हिशेब ६,००० वरच करा. टंग वेट ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असतं. १३ टक्क्यांनी ७८०, वेट डिस्ट्रिब्युशन हिच (मागचा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवरही वाटून देणारा) साधारण ९०, सहा माणसं (दोघं लहान धरून) ७१०. झाले १,५८०. बॅगा अजून घरातच आहेत आणि १८० पौंड जास्त! आईबाबांशिवायही सामानाला जेमतेम शंभर-सव्वाशे पौंड उरतील. या गाडीला हा ट्रेलर घेऊ नका.

सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवून टंग वेट कमी करायचा मोह होतो. तसं करू नका. ते १० टक्क्यांखाली गेलं की हायवेवर ट्रेलर डोलायला लागतो आणि गाडीलाही हेलकावे देतो. उलट भार फार झाला तर गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं.

हलका ट्रेलर घेतलात तरी पहिल्या सहलीआधी भरल्या गाडीनिशी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जा. आधी ट्रेलर जोडून, पण हिचचे स्प्रिंग बार (भार वाटून देणाऱ्या दांड्या) सोडून वजन करा. मग ट्रेलर सोडून, माणसं तीच आणि हिचही जागेवरच ठेवून. गाडीच्या दोन्ही ॲक्सलांच्या बेरजेत जो फरक येईल तेच खरं टंग वेट. तिसरं वजन बार ताणून करा आणि पुढचा-मागचा ॲक्सल दारावरच्या मर्यादेत आहे ना, ते ताडून पाहा. रिसीव्हरवरची (गाडीच्या मागची, हिच बसवायची खाच) मर्यादाही वाचा, ती कधीकधी गाडीच्या क्षमतेहून कमी असते.

प्रश्न : मागे एअर स्प्रिंग (हवा भरलेल्या स्प्रिंग) बसवले तर पेलोड वाढतो का?

उत्तर : नाही. गाडी सरळ दिसते, इतकंच. ॲक्सल, टायर, ब्रेक तेच राहतात आणि स्टिकरही.